भाऊ, ब्रेक तेवढा बंद करू नका

"गाडी माह्यी, हप्ते मी भरतो, आन् स्टिअरिंग थे वढते. हे आपल्याले नाई जमत."

भाऊंनी चहाचा ग्लास कट्ट्यावर ठेवला आणि जाहीर करून टाकलं की नव्या गाडीतलं अडास (ADAS), म्हणजे चालकाला मदत करणारी यंत्रणा, त्यांनी झाडून सगळी बंद केलीय. गाडी पट्ट्यांच्या आत ठेवणारं लेन असिस्ट, आपोआप लागणारा ब्रेक, मागून बाजूला आलेली गाडी दाखवणारा आरशातला दिवा, काहीच ठेवलं नाही.

नागपूरच्या धरमपेठेत ट्रॅफिक पार्कजवळ आमची संध्याकाळची बैठक असते. भाऊ ट्रॅव्हल्सच्या धंद्यातले, त्यांच्या गाड्या पुण्या-मुंबईला जातात. मास्तरांनी जन्मभर भौतिकशास्त्र शिकवलं. डॉक्टरताई वर्धेला नोकरी करतात आणि स्वतः गाडी चालवत जाऊन-येऊन करतात. वकीलसाहेब आहेत. आणि पिंट्या आहे, तो गाड्यांच्या काचा बदलायच्या दुकानात काम करतो. हा वाद लिहून काढायचं कारण एवढंच की भाऊंनी जे केलं तेच ओळखीतले कितीतरी नवे गाडीवाले करतात, आणि त्यातला एक भाग मला जिवावरचा वाटतो.

भाऊंची तक्रार खोटी नव्हती. "रिंग रोडवर सिमेंटच्या रस्त्याले भेगा पडल्या, त्यात डांबर भरलं. दुपारच्या उन्हात थे डांबर असं चमकते का गाडीले वाटते हाच पट्टा. मी सरळ चाललो, थे मले डावीकडे नेते. समोरून पोट्टा राँग साइड आला, मी दाबलं उजवीकडे, तं स्टिअरिंग हातात जड. म्हणजे मी वाचवून राह्यलो आन् गाडी मलेच अडवून राह्यली."

"भाऊ, इंडिकेटर दिल्ता का?" पिंट्यानं विचारलं.

"राँग साइडवाल्याले चुकवाले इंडिकेटर देऊ का बे?"

सगळे हसले, पण पिंट्याचा मुद्दा बरोबर होता. इंडिकेटर दिला की लेन असिस्ट समजतं, हा माणूस जाणूनबुजून पट्टा ओलांडतोय, आणि गप्प बसतं. न देता ओलांडला की त्याला वाटतं चूक झाली, म्हणून ते स्टिअरिंगला हलका हिसका देतं. तो हिसका दोन बोटांनी मोडता येतो. गाडी हातातून जाते असं नाही, पण सवय नसलेला माणूस दचकतो. मास्तर म्हणाले, नागपुरात इंडिकेटर देणारे बोटावर मोजण्याइतके, निदान या यंत्रामुळे तरी लोक देऊ लागतील. भाऊ म्हणाले, ज्याले देयाचा थो देतेच, ज्याले नाई देयाचा थो बंद करते. यावर मास्तरांकडे उत्तर नव्हतं.

मग पिंट्यानं हे बघणारी कॅमेऱ्याची डबी समजावून सांगितली, ते मला फार आवडलं. समोरच्या काचेला आतून, मधल्या आरशाच्या मागे कॅमेरा असतो. पट्टे तोच बघतो. रडार वेगळं, ते पुढच्या बंपरमध्ये किंवा जाळीमागे, समोरची गाडी किती दूर आहे आणि किती वेगानं जवळ येतेय हे मोजायला. कॅमेऱ्याला पट्टा दिसला तरच लेन असिस्ट चालतं. पांढऱ्या सिमेंटवर पांढरा पट्टा, त्यावर धूळ, त्यावर दुपारचं ऊन. आपल्यालाच डोळे बारीक करावे लागतात. बऱ्याच गाड्यांत ते साधारण 60 च्या वेगाखाली चालतच नाही. मे महिन्यात गाडी दिवसभर उन्हात राहिली की काही गाड्या 'कॅमेरा तात्पुरता बंद' असा संदेश देतात, कारण काचेमागे तो तापलेला असतो. लोकांना वाटतं गाडी बिघडली.

"आन् काच बदलली का," पिंट्या म्हणाला, "कॅमेऱ्याची दिशा परत लावा लागते. बोर्ड समोर ठेवून, मापं घेऊन, नाई तं रस्त्यावर चालवून. समृद्धीवर गोटा लागून काच फुटते, गिऱ्हाईक म्हणते स्वस्तात बसवून दे. कॅलिब्रेशनचे पैसे सांगितले का म्हणते, कायले पायजे? पट्टे तं दिसूनच राह्यले."

मास्तरांनी तिथल्या तिथे हिशेब केला. कॅमेरा एका अंशानं जरी वळला, तरी 50 मीटरवर सुमारे 87 सेंटिमीटरचा फरक पडतो. दुचाकीची रुंदी त्याहून फार वेगळी नसते. शेजारच्या लेनमधली गाडी आपल्याच लेनमध्ये दिसायला एवढं पुरे. भाऊंचा चेहरा बदलला. गाडीची काच बदलली होती का, हे आम्ही विचारलं नाही, पण ते गप्प झाले.

ताई आतापर्यंत ऐकत होत्या. "भाऊ, तुमचं शहरातलं सगळं खरं. मीही शहरात लेन असिस्ट बंदच ठेवते. पण रात्रपाळी करून सकाळी समृद्धीवरून येताना एकदा स्टिअरिंग थरथरलं आणि गाडीनं मला आत ओढलं. माझा डोळा लागला नव्हता, पण लक्ष रस्त्यावर नव्हतं. डावा पट्टा केव्हा आला ते मला कळलंच नाही."

"तं मग थांबाले पायजे होतं," भाऊ म्हणाले. "थे ओढते म्हणून तुमी चालत राह्यल्या."

"मी थांबले ना. त्याच्यानंतर थांबले. पण ते थरथरलं नसतं तर थांबायला उरले असते का?"

इथून वाद खरा तापला, कारण समृद्धी म्हटलं की नागपूरकराच्या पोटात कालवतंच. हा नागपूर-मुंबई महामार्ग 11 डिसेंबर 2022 ला नागपूर ते शिर्डी सुरू झाला, शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा 5 जून 2025 ला, एकूण 701 किलोमीटर. दुचाकीला बंदी, सिग्नल नाही, गाव मध्ये येत नाही, मोटारीला 120 ची मुभा. पाय आणि हात तासन् तास एकाच जागी राहतात आणि मेंदू हळूहळू कामातून जातो. 1 जुलै 2023 च्या रात्री सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेल्या खाजगी बसला अपघात होऊन आग लागली, 25 माणसं गेली. भाऊंच्या धंद्यातला तो दिवस त्यांना विसरता येत नाही. त्यामुळे ते जे बोलले ते मी हलक्यात घेत नाही.

"डायव्हर आधीच कंटाळलेला असते. त्याले अजून काम कमी करून दिलं, तं थो जागा कशानं राहीन? गाडी पट्ट्यात राहाते, पुढच्या गाडीमांगं आपोआप हळू होते, मग डायव्हरले काय काम? थो मोबाईलच पाहीन."

हा या साऱ्या वादातला सगळ्यात वजनदार मुद्दा आहे, आणि तो भाऊंनी मांडला, कुठल्या इंजिनीअरनं नाही. सतत पट्ट्याच्या मधोमध धरून ठेवणारं एक असतं आणि पट्टा सुटायला लागल्यावरच जागं होणारं दुसरं असतं. पहिलं हातातलं काम काढून घेतं, दुसरं घेत नाही. शोरूममध्ये दोन्हीला लेन असिस्टच म्हणतात. ताईंना वाचवलं ते दुसऱ्यानं. भाऊ ज्याला घाबरतात ते पहिलं. आपल्या गाडीत कोणतं आहे आणि मेनूत ते वेगवेगळं लावता येतं का, हे गाडी घेणाऱ्यानं पहिल्या दिवशी विचारायला हवं.

ताई म्हणाल्या, "तुम्ही बसमध्ये क्लीनर कशाला ठेवता? तो गाडी चालवत नाही. पण रात्री ड्रायव्हर बोलेनासा झाला की आवाज देतो. मला तेवढंच पाहिजे."

"क्लीनर माणूस हाये, ताई. त्याले उभा ट्रक दिसते."

ही गोष्ट भाऊंना कोणी सांगितली होती कुणास ठाऊक, पण ती अगदी खरी. रडार हलत्या गाड्या चांगल्या ओळखतं. उभ्या वस्तूंचं अवघड असतं, कारण रस्त्याकडेचे खांब, फलक, पुलाचे कठडे हेही उभेच असतात, आणि प्रत्येकासाठी ब्रेक मारत बसली तर गाडी चालणारच नाही. म्हणून जास्त वेगात उभं वाहन यंत्रणेला उशिरा कळू शकतं, किंवा कळतही नाही. गाडीसोबत येणाऱ्या पुस्तकात हे लिहिलेलं असतं, पण ते प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेर निघत नाही. नीलगाय, रानडुक्कर, गुरं यांचंही तसंच. ही यंत्रं मुख्यतः गाड्या, दुचाक्या आणि माणसं ओळखायला शिकवलेली असतात. आणि समृद्धीवर रात्री भीती कशाची? टायर फुटून लेनमध्येच उभ्या राहिलेल्या ट्रकची. मास्तरांनी परत हिशेब घातला: 120 म्हणजे सेकंदाला 33 मीटर. दोन सेकंद मोबाईलकडे पाहिलं की 67 मीटर गेले, न बघता. संध्याकाळी नागपूरहून निघालात तर सूर्य समोर, कॅमेऱ्याच्याही डोळ्यात. मास्तर म्हणाले, आपल्याला दिसत नाही तेव्हा त्यालाही दिसत नाही असंच धरून चला.

वकीलसाहेबांनी मधे तोंड घातलं ते जबाबदारीवरून. गाडी स्वतःहून किती चालते याच्या सहा पातळ्या असतात, शून्य ते पाच. आपल्याकडे लोक ज्या अडासच्या गाड्या घेतात त्या जास्तीत जास्त दुसऱ्या पातळीच्या, आणि दुसऱ्या पातळीत पूर्ण वेळ चालक माणूसच. "न्यायालयात 'गाडीनं केलं' म्हणून सुटता येत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 184 धोकादायक चालवण्याबद्दल आहे, ते चालवणाऱ्याला लागतं." स्टिअरिंगला पाण्याची बाटली अडकवून हात ठेवल्याचं सोंग करणाऱ्यांचे व्हिडिओ त्यांनी पाहिले होते, आणि ते बोलताना त्यांचा आवाज चढला. मलाही त्या लोकांबद्दल दया येत नाही. बऱ्याच गाड्या हात आहे की नाही हे स्टिअरिंगवर पडणाऱ्या जोरावरून ओळखतात, म्हणून बाटलीला फसतात. मागच्या सीटवर लेकरं बसलेली असतात.

आपोआप लागणाऱ्या ब्रेकवर मात्र मी भाऊंशी भांडलो. त्यांचं म्हणणं: वर्धा रोडवर ऑटो तिरका घुसला, गाडीनं करकचून ब्रेक लावला, मागचा बाईकवाला बंपरवर. वकील म्हणाले, पुढच्या गाडीपासून अंतर ठेवणं हे मागच्याचं काम, 2017 च्या वाहनचालन नियमांत ते लिहिलंय. भाऊ म्हणाले, नियम थ्या पोट्ट्याले सांगा. खरं आहे, नागपुरात अंतर ठेवलं की त्यात कोणीतरी घुसतो. पण हा ब्रेक वेगळ्या कामाचा आहे. तो तुमचं चालवणं सोपं करत नाही, त्यामुळे तो आळशीही करत नाही. दिवसेंदिवस तो आहे हे लक्षातही येत नाही. झाशी राणी चौकात गर्दीतून एखादं पोर धावत समोर आलं आणि तुमची नजर आरशात होती, त्या क्षणापुरता तो आहे. वेळेआधी लागतो असं वाटलं तर बऱ्याच गाड्यांत इशारा लवकर द्यावा की उशिरा हे बदलता येतं. उशिरावर ठेवा. बंद नका करू. आरशातला दिवाही नका काढू, तो कोणाचं काय बिघडवतो?

एका गोष्टीचा अभिमान कट्ट्यावर कोणालाच नव्हता, कारण माहीतच नव्हती. 2021 मध्ये नागपुरात आय-रास्ते नावाचा प्रकल्प सुरू झाला. महानगरपालिकेच्या बसमध्ये कॅमेऱ्याची यंत्रं बसवली, ती धडकेचा धोका दिसला की चालकाला आवाज देतात. आणि कुठे वारंवार आवाज होतो त्यावरून शहरातली पुढे धोक्याची ठरू शकणारी ठिकाणं शोधायची. इंटेल, हैदराबादची ट्रिपल आयटी, दिल्लीची केंद्रीय रस्ते संशोधन संस्था त्यात होत्या. म्हणजे जे भाऊंनी बंद केलं त्याचा भाऊबंद 'आपली बस'मध्ये बसला होता. हे सांगितल्यावर भाऊ पहिल्यांदा पुढे सरकून बसले. "थे ब्रेक मारते का?" नाही, फक्त आवाज देतं. "मंग थे चांगलं हाये." मोठ्या बस-ट्रकसाठी ब्रेक आणि लेनचा इशारा सक्तीचा करायचा मसुदा केंद्रानं 2025 मध्ये काढला, हेही वकिलांनी सांगितलं. युरोपात जुलै 2024 पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीत लेन सांभाळणारी आपत्कालीन यंत्रणा लागतेच. तिथे रस्त्यावर पट्टे असतात, असं भाऊ म्हणाले, आणि त्यात खोट काढता येईना. पट्टे रंगवणाऱ्या खात्यानंही हे ऐकावं.

मला राग आहे तो शोरूमवर. सनरूफ उघडून दाखवतात, गाणी लावून दाखवतात, हार घालून फोटो काढतात. अडास मात्र "ऑटोमॅटिक आहे साहेब" एवढ्यावर उरकतात. गाडी हातात देताना तासभर जामठ्याच्या पुढे मोकळ्या रस्त्यावर नेऊन, हिसका कसा बसतो, इंडिकेटर दिल्यावर काय होतं, कोणता दिवा म्हणजे यंत्रणा बंद पडली, हे शिकवलं असतं तर भाऊंनी सगळं एका झटक्यात बंद केलं नसतं. माणूस न समजलेली गोष्टच आधी काढून टाकतो.

शेवटी भाऊंनी किल्ली पिंट्याकडे दिली. पिंट्यानं गाडीत बसून ब्रेक आणि आरशातला दिवा सुरू केला, इशारा उशिरावर ठेवला. लेन असिस्टला हात लावू दिला नाही.

"समृद्धीवर तरी लावा," ताई म्हणाल्या.

"माह्या डायव्हरले आधी मी शिकवतो. मंग पाहू."

"कोण शिकवणार? तुम्हालाच अजून येत नाही."

"रविवारी तुमी चला सोबत. मले दाखवा थे कसं थरथरते."

ताई हो म्हणाल्या, पण दिवसाच, आणि स्टिअरिंगवर त्या बसणार या अटीवर. भाऊंना ती अट मान्य नव्हती, तेव्हा तो वाद अजून चालू आहे.