बूटचा क्रम डिस्कच्या नावावरून ठरत नाही

केव्हीएम या लिनक्समधल्या सोयीवर व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत चालणारा सॉफ्टवेअरचा संगणक) चालवणाऱ्यांमध्ये एक सल्ला सर्रास फिरतो. बूटचा क्रम, म्हणजे मशीन सुरू होताना कोणती डिस्क आधी आजमावायची तो, डिस्कच्या नावावरून ठरतो, व्हीडीए नावाची डिस्क आधी, व्हीडीबी नंतर. सीडीवरून सुरू करायचं तर ‘सीडी आधी’ एवढं सांगा. आणि डिस्कची फाइल उचलून दुसरीकडे नेली की मशीन तिथंही तशीच सुरू होईल. यातल्या बऱ्याचशा गोष्टी अर्धवट खऱ्या आहेत, म्हणून त्या पटतात. पण यावर भिस्त ठेवून कोणी चालू सर्व्हरची डिस्क बदलायला बसलं, तर डेटा जाऊ शकतो.

‘नावावरून क्रम ठरतो.’ व्हीडीए हे नाव मशीनच्या आतल्या लिनक्सचं कर्नल (गाभा) देतं, तेही फर्मवेअरचं, म्हणजे मशीन सुरू होताच सर्वांत आधी चालणाऱ्या प्रोग्रॅमचं, काम संपल्यावर. फर्मवेअरला ते ठाऊकच नसतं. लिबव्हर्ट या मशीन सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या एक्सएमएलमध्ये (मशीनची रचना लिहिलेल्या फाइलमध्ये) आपण लिहितो ते नाव म्हणजे फक्त इशारा. आत तेच नाव मिळेल याची हमी नाही, असं लिबव्हर्टचं दस्तऐवजच सांगतं.

तथ्य एवढंच, की ‘हार्ड डिस्कवरून बूट कर’ इतकंच लिहिलं असेल तर लिबव्हर्ट डिस्कची नावं वर्णक्रमाने लावून पहिलीला बूटची मानतं. पण त्याआधी बस, म्हणजे डिस्क कोणत्या प्रकारच्या जोडणीवर आहे, ते बघतं. व्हीडीने सुरू होणारी नावं एका बसची, एचडीने सुरू होणारी दुसरीची. एक्सएमएलमध्ये व्हीडीबी, एचडीए, व्हीडीए, एचडीसी अशा क्रमाने डिस्क असतील तर व्हीडीए बूट होते. एचडीसी, व्हीडीए, व्हीडीबी, एचडीए अशा असतील तर एचडीए. यादीत जी बस आधी दिसली तिच्या डिस्क आधी, आणि वर्णक्रम लागतो तो त्या बसच्या आत.

‘सीडी आधी, डिस्क नंतर सांगितलं की झालं.’ मशीन प्रत्यक्ष चालवणाऱ्या क्यूईएमयू या प्रोग्रॅमच्या बूट पर्यायातली अक्षरं साधनाचा प्रकार सांगतात: ए फ्लॉपी, सी हार्ड डिस्क, डी सीडी, एन नेटवर्क. नेमकी कोणती हार्ड डिस्क, हे त्यात कुठंच येत नाही. एकच डिस्क असेल तर चालून जातं. जुन्या डिस्कचा क्लोन (हुबेहूब प्रत) करून दोन्ही एकाच मशीनला जोडल्या, की घोळ सुरू होतो. दोन्हींवर बूटलोडर (ऑपरेटिंग सिस्टीम सुरू करून देणारा प्रोग्रॅम), दोन्हींवर तेच यूयूआयडी (ओळख क्रमांक). नव्या डिस्कवर काम चाललंय असं समजून माणूस जुन्या डिस्कवर लिहीत राहतो, आणि मग ‘जुनी’ म्हणून तीच पुसून टाकतो.

यासाठी प्रत्येक साधनाला स्वतःचा बूटइंडेक्स, म्हणजे बूटमधला क्रमांक, द्यावा. लहान आकडा आधी. क्यूईएमयू त्यावरून साधनांच्या पूर्ण मार्गांची यादी बनवून फर्मवेअरच्या हाती देतं, त्यामुळे संदिग्धता उरत नाही. अक्षरं आणि बूटइंडेक्स एकत्र मात्र वापरू नयेत. लिबव्हर्ट तर दोन्ही पद्धती एकाच एक्सएमएलमध्ये दिसल्या की चूक दाखवून थांबतं.

‘यादीत नाही त्या डिस्कला हात लागत नाही.’ हे क्यूईएमयूचा ‘स्ट्रिक्ट’ पर्याय चालू असेल तरच. तो नसेल तर यादी संपल्यावर सीबायोस (व्हर्च्युअल मशीनमधलं बायोस पद्धतीचं फर्मवेअर) उरलेली साधनंही आजमावतं.

‘यूईएफआयमध्येही तसंच.’ नाही, यूईएफआय हे बायोसनंतरचं नवं फर्मवेअर, इथं पायाच वेगळा. जुनं बायोस डिस्कचा पहिला 512 बाइटांचा सेक्टर वाचतं आणि शेवटी 55एए ही खूण दिसली की तिथला कोड चालवतं. यूईएफआय आपल्या एनव्हीरॅममध्ये (मशीन बंद केली तरी टिकणाऱ्या स्मृतीत) बूटच्या नोंदी आणि त्यांचा क्रम साठवतं. नोंदीत डिस्कसोबत बूटलोडरच्या फाइलचा मार्गही असू शकतो. व्हर्च्युअल मशीनमध्ये ओव्हीएमएफ हे तिथलं यूईएफआय फर्मवेअर प्रत्येक वेळी सुरू होताना क्यूईएमयूची यादी बघून हा साठवलेला क्रम पुन्हा मांडतं. म्हणून आत जाऊन ईएफआयबूटएमजीआर या लिनक्सच्या आदेशाने क्रम बदलला आणि रीबूटनंतर तो पूर्ववत झाला, तर आतलं लिनक्स बिघडलेलं नसतं. बाहेरचा बूटइंडेक्स बदलायचा असतो.

‘फाइल उचलली की मशीन आली.’ हा एनव्हीरॅम डिस्कच्या फाइलमध्ये नसतो. तो वेगळ्या फाइलमध्ये असतो, लिबव्हर्टमध्ये सहसा /व्हार/लिब/लिबव्हर्ट/क्यूईएमयू/एनव्हीरॅम इथं. ती मागे राहिली तर नव्या जागी नोंदीच नसतात आणि फर्मवेअर डिस्कच्या ईएफआय विभागातल्या (बूटलोडर ठेवायच्या जागेतल्या) ‘बूट’ फोल्डरमधली बूटएक्स64 ही ठरलेली फाइल शोधतं. डेबियन हे लिनक्स नेहमीच्या इन्स्टॉलेशनमध्ये आपला बूटलोडर, ग्रब, तिथं ठेवत नाही, त्यामुळे धडधाकट डिस्क असूनही यूईएफआय शेलचा काळा पडदा समोर येतो. अशा वेळी घाबरून पुन्हा इन्स्टॉल करू नका. फर्मवेअरच्या मेन्यूतून डेबियन फोल्डरमधली ग्रबची फाइल निवडून मशीन सुरू करा आणि आतून ग्रब-इन्स्टॉल ‘रिमूव्हेबल’ पर्यायासह चालवा.