थर्मल कॅमेरा पाण्याखालचा माणूस दाखवत नाही : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक संदेश फिरत आहे. त्याचा आशय असा : "प्रत्येक ग्रामपंचायतीने थर्मल कॅमेऱ्याचा एक ड्रोन घ्यावा. हा कॅमेरा अंगातील उष्णता ओळखतो, म्हणून पाण्याखाली, भिंतीआड, झाडीत, दिवसा किंवा रात्री माणूस कुठेही असला तरी दिसतो. ४८ मेगापिक्सेल आणि मोठा झूम असल्यामुळे एका जागी उभे राहून सगळा परिसर पाहता येतो. एकदा हा ड्रोन आला की पोहणाऱ्यांना पुरात उतरवण्याची गरज उरत नाही." हा संदेश वाचून काही गावांत खरेदीची चर्चा सुरू झाली आहे, आणि लोकांनी वर्गणी काढायचीही तयारी दाखवली आहे. तापीकाठच्या एका स्वयंसेवी शोधपथकात काही वर्षे काम करत असल्यामुळे आणि अशा कॅमेऱ्याच्या पडद्यासमोर अनेक रात्री बसलेलो असल्यामुळे या संदेशाला सविस्तर उत्तर देणे मला आवश्यक वाटते. संदेश लिहिणाऱ्याचा हेतू चांगला आहे याबद्दल मला शंका नाही; परंतु त्यातील जवळजवळ प्रत्येक विधान आपल्या मुलखाच्या हवेत आणि पाण्यात चुकीचे ठरते.

सर्वात घातक विधान पाण्याबद्दलचे आहे, म्हणून ते आधी घेतो. थर्मल कॅमेरा साधारण ८ ते १४ मायक्रोमीटर लांबीच्या अवरक्त लहरी टिपतो. या लहरी पाण्याच्या एक मिलिमीटरहूनही पातळ थरात शोषल्या जातात. त्यामुळे नदीकडे वळवलेला कॅमेरा फक्त पाण्याच्या पृष्ठभागाचे तापमान दाखवतो, आणि त्याखाली माणूस आहे की दगड, हे त्याला कळण्याचा कोणताही मार्ग नाही. पाणी स्वच्छ असले तरी हेच घडते. मग श्रावणातल्या गढूळ तापीबद्दल किंवा गिरणेबद्दल वेगळे काही सांगायला नको. तरंगणाऱ्या माणसाचे डोके आणि खांदे मात्र दिसतात, आणि झाडाला किंवा पुलाच्या खांबाला धरून राहिलेला माणूस रात्री चांगला उठून दिसतो. म्हणजे पुरात या कॅमेऱ्याचा उपयोग जिवंत आणि पाण्याच्या वर असलेल्या माणसासाठी आहे, आणि तो उपयोग खरोखर मोठा आहे. बुडालेल्याच्या शोधासाठी मात्र ध्वनिलहरींवर चालणारे सोनार लागते. पाण्यात सोडायचा कॅमेरासुद्धा गाळाच्या पाण्यात उपयोगी पडत नाही, कारण त्याचा स्वतःचा दिवाच गाळाच्या कणांवर आदळून परत येतो आणि पडद्यावर धुके दिसते. उन्हाळ्यात धरणाचे किंवा विहिरीचे पाणी निवळलेले असते तेव्हाच असा कॅमेरा कामाला येतो.

हा फरक मी इतका ताणून सांगतो याला कारण आहे. पाण्यावर ड्रोन फिरला, पडद्यावर काही दिसले नाही, आणि "तिथे कोणी नाही" असे समजून सगळे पुढे सरकले, तर जो डोह सर्वात आधी तपासायला हवा तोच वगळला जातो. कॅमेऱ्याला न दिसणे आणि तिथे माणूस नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पथकातील प्रत्येकाला आधीच माहीत असले पाहिजे.

दुसरे विधान "दिवसा किंवा रात्री" हे. थर्मल कॅमेरा उष्णता दाखवतो असे आपण म्हणतो, पण खरे तर तो उष्णतेतील फरक दाखवतो. माणसाच्या कातडीचे तापमान साधारण ३२ ते ३६ अंश असते. थंड प्रदेशात जमीन दहा अंशांवर असते, त्यामुळे माणूस काळोखातील दिव्यासारखा चमकतो, आणि संदेशासोबत फिरणारी चित्रे बहुधा तशाच प्रदेशातील आहेत. आपल्याकडे मे महिन्यात भुसावळ आणि जळगावचा पारा ४४–४५ अंशांपर्यंत जातो, आणि उन्हातला काळा कातळ त्याहून कितीतरी अधिक तापतो. अशा दुपारी माणूस कातळापेक्षा थंड असतो, म्हणून पडद्यावर तो उजळ न दिसता काळसर डाग म्हणून दिसतो. झाडाच्या सावलीत बसलेला असेल तर त्याचे आणि जमिनीचे तापमान इतके जवळ येते की तो दिसतच नाही. संध्याकाळी कातळ निवत जातो तेव्हा काही काळ दोघांचे तापमान सारखे होते, आणि सकाळी ऊन चढताना तेच पुन्हा घडते. या दोन वेळांत कॅमेरा उत्तम असला तरी आंधळा असतो.

आम्ही हे स्वतः करून पाहिले आहे. एका मे महिन्यात सरावासाठी पथकातील एक तरुण नदीच्या कोरड्या पात्रात, खडकाच्या कडेला आडवा झाला. दुपारी चारच्या सुमारास त्याच्या बरोबर डोक्यावरून ड्रोन तीन वेळा गेला आणि पडद्यावर पाहणाऱ्या तिघांपैकी एकालाही तो सापडला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला, त्याच जागी, त्याच उंचीवरून तो पहिल्याच फेरीत स्पष्ट दिसला. तेव्हापासून उन्हाळ्यात थर्मल कॅमेऱ्याचे काम मध्यरात्रीनंतर ते सूर्योदयापूर्वी, आणि दिवसा साधा रंगीत कॅमेरा, असा आमचा नियम आहे. त्यात आणखी एक अडचण आहे. अनेक छोट्या ड्रोनच्या माहितीपुस्तिकेत वापराची कमाल मर्यादा ४० अंश सेल्सिअस दिलेली असते. आपल्याकडे उन्हाळ्यातील कित्येक दुपारी ही मर्यादा जमिनीवरच ओलांडली जाते. तेव्हा कॅमेऱ्याचे गुण वाचण्यापूर्वी ही एक ओळ शोधून वाचावी.

पडद्यावरचे चित्र यंत्र आपोआप जुळवून घेते, हेही लक्षात ठेवावे लागते. चित्रात तापलेले पत्र्याचे छप्पर आले की कॅमेरा सगळ्या छटा त्या छपरासाठी खर्च करतो आणि बाकीचे सगळे एकसारखे राखाडी होते. क्षितिजावरचे थंड आकाश चौकटीत आले तरी हाच घोटाळा होतो. म्हणून कॅमेरा खाली झुकवून, छपरे टाळून पाहण्याची सवय लावून घ्यावी लागते.

भिंतीआड दिसते, हे तिसरे विधान थोडक्यात निकालात काढता येते. भिंतीच्या पृष्ठभागाचे तापमान दिसते, भिंतीपलीकडचे काहीही नाही. खिडकीची साधी काचसुद्धा या लहरींना अडवते. पण यातून जो प्रश्न पुढे येतो त्यावर थांबणे गरजेचे आहे, कारण आपल्याकडे पावसाळ्यात खरी भीती धाब्याच्या, म्हणजे मातीचे सपाट छप्पर असलेल्या, घरांची असते. मातीचे धाबे आठ दिवसांच्या झडीत भिजून जड होते आणि रात्री झोपेत खाली येते. सिमेंटची इमारत पडली तर स्लॅबखाली पोकळ्या राहतात; धाबे पडले तर माती सगळ्या फटी भरून टाकते. तिथे आकाशातून पाहून काही हाती लागत नाही. तिथे लागतो तो लांब दांड्याच्या टोकाला बसवलेला, मान वळवता येणारा छोटा कॅमेरा, ज्याला स्वतःचा दिवा, माइक आणि स्पीकर असतो. खणाच्या लाकडाखाली उरलेल्या एखाद्या फटीतून तो आत सरकवता येतो, आतला आवाज ऐकता येतो आणि अडकलेल्याशी बोलताही येते. उघड्या बोअरवेलमध्ये लेकरू पडले तरी याच प्रकारचा, केबलवर खोलीच्या खुणा असलेला कॅमेरा लागतो. तो पाण्यात बुडूनही चालेल असा असावा. आयपी ६७ या दर्जाचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकणे इतकाच आहे, आणि बोअरमधील पाणी त्याहून खोल असू शकते. माझे स्पष्ट मत आहे की ज्या गावात धाब्याची घरे जास्त आहेत तिथे पहिली खरेदी या कॅमेऱ्याची व्हावी, ड्रोनची नव्हे.

झाडीबद्दल बोलायचे तर सातपुड्याच्या पानझडी जंगलाचे उत्तर ऋतूनुसार बदलते. तोरणमाळच्या परिसरात किंवा यावल अभयारण्यात मार्च-एप्रिलमध्ये पाने गळलेली असतात, तेव्हा वरून जमीन दिसते आणि पहाटेची थर्मल फेरी यशस्वी होऊ शकते. पावसाळ्यात तीच झाडी छत धरते. रावेर, यावल, चोपडा या भागातील केळीच्या बागा तर वर्षभर छत धरून असतात. रुंद पानांखाली बसलेल्या म्हाताऱ्या माणसाचा ठिपकाही वर पोहोचत नाही. तिथे माणसांची रांग करून, प्रत्येक ओळीतून हाका मारत आणि मध्येच थांबून कान देत चालणे हाच मार्ग आहे. ड्रोनने त्या वेळी बागेच्या कडा, पाटचारी आणि शेतरस्ते पाहावेत.

आता मेगापिक्सेलचा मुद्दा. ४८ मेगापिक्सेल (एक मेगापिक्सेल म्हणजे चित्रातील दहा लाख बिंदू) हा आकडा साध्या रंगीत कॅमेऱ्याचा असतो आणि तोही स्थिर छायाचित्रापुरता. ड्रोन हवेत असताना पडद्यावर जे जिवंत चित्र येते ते बहुतेक वेळा १०८० ओळींचे, म्हणजे सुमारे दोन मेगापिक्सेलचे असते. थर्मल कॅमेऱ्याचा आकडा तर त्याहून फार लहान असतो : चांगल्या कॅमेऱ्यात ६४० गुणिले ५१२, म्हणजे सव्वातीन लाखांच्या आसपास बिंदू, स्वस्त कॅमेऱ्यात १६० गुणिले १२०, म्हणजे १९,२०० बिंदू. यातून काय फरक पडतो ते हिशेबाने पाहू. रुंदीत ६४० बिंदूंचा आणि सुमारे ३२ अंशांचे दृष्टिक्षेत्र असलेला कॅमेरा ६० मीटर उंचीवरून खाली पाहतो तेव्हा त्याला साधारण ३४ मीटर रुंदीची पट्टी दिसते आणि एक बिंदू जमिनीवरील पाच सेंटिमीटर व्यापतो. आडव्या पडलेल्या माणसाच्या लांबीवर तीसहून अधिक बिंदू बसतात, आणि हात-पाय ओळखता येतात. १६० बिंदूंचा, ५७ अंशांचा कॅमेरा त्याच उंचीवरून ६५ मीटर रुंद पट्टी पाहतो, पण एक बिंदू चाळीस सेंटिमीटरचा होतो. तोच माणूस चार बिंदूंचा ठिपका बनतो आणि बसलेल्या शेळीपासून वेगळा ओळखता येत नाही. खरेदी करताना म्हणून एकच प्रश्न विचारावा : ज्या उंचीवरून आम्ही उडवणार, तिथून एक बिंदू जमिनीवर किती मोठा?

झूमबद्दल इतकेच की भिंगाने होणारा झूम खरा आणि बाकीचा चित्र कापून ताणलेला असतो. शिवाय झूम जितका मोठा तितके दृष्टिक्षेत्र अरुंद, म्हणून शोध रुंद चित्रावर घ्यावा आणि संशय आला तिथेच झूम वापरावा. दिवसाच्या शोधात मी वेगापेक्षा शटरकडे, म्हणजे एक चित्र टिपायला कॅमेरा किती वेळ घेतो याकडे, अधिक लक्ष देतो, कारण सेकंदाला दहा मीटर उडणाऱ्या ड्रोनने शंभरांश सेकंदाचे शटर ठेवले तर चित्र जमिनीवर दहा सेंटिमीटर फरपटते, आणि झुडपात अडकलेला लाल रुमाल नेमका त्या फरपटीत हरवतो. पडद्यावर पाहणाऱ्या माणसालाही मर्यादा आहेत. आमच्या पथकात दर पंधरा-वीस मिनिटांनी माणूस बदलतो.

परवान्याचा उल्लेख संदेशात मुळीच नाही. ड्रोन नियम २०२१ मध्ये आले, त्यानुसार नोंदणी आणि हवाई क्षेत्राचा नकाशा पाहणे बंधनकारक आहे, आणि जळगाव विमानतळाच्या आसपास मनमानी उडवता येत नाही. तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर फेब्रुवारी २०२२ पासून निर्बंध आहेत, म्हणून संदेशातील चित्रांत दिसणारी यंत्रे सरळ मागवता येतील असे कोणी गृहीत धरू नये.

शेवटचे विधान पोहणाऱ्यांची गरज उरत नाही हे, आणि त्यामागील काळजी मला समजते. मे २०२४ मध्ये अकोले तालुक्यात प्रवरा नदीत बुडालेल्यांचा शोध घेताना राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या धुळ्याच्या पथकाची बोट उलटली आणि तीन जवान गेले. त्या दिवसानंतर आमच्या पथकात कोणालाही पाण्यात उतरवताना माझा जीव वर-खाली होतो. पण कॅमेरा माणसाच्या जागी उभा राहू शकत नाही. तो माणूस उतरण्यापूर्वी पाणी वाचायला मदत करतो. बंधाऱ्याखाली पाणी उलटे फिरते आहे का, प्रवाहात ओंडके येत आहेत का, बोट कोणत्या काठाने न्यावी, हे वरून दिसते. पाण्याच्या पोटात काय आहे ते मात्र त्या डोहावर आयुष्य काढलेल्या माणसाला ठाऊक असते. आमच्याबरोबर येणाऱ्या एका भोईकाकांनी पडद्यावरचे शांत, सपाट पाणी पाहून सांगितले होते, "भाऊ, पानी वरथीन निवांत दिखस, पन खाले भवरा शे." आम्ही बोट तिथून नेली नाही. तापीवरील हतनूर धरणाच्या ४१ दरवाजांपैकी किती उघडले, पाणी आपल्या घाटावर किती वेळात पोहोचेल, हेही अशाच माणसांच्या बोटांवर असते. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी चाळीसगावात तितूर आणि डोंगरी नद्यांचे पाणी वस्तीत शिरले, तशा पावसात बहुतेक छोटे ड्रोन उडवताच येत नाहीत. त्या वेळी दोर, ट्यूब, लाइफ जॅकेट आणि पट्टीचे पोहणारे हेच हाताशी असतात, आणि त्यांच्यासाठी काढायची वर्गणी ड्रोनमुळे कमी होऊ नये.

ज्यांना तरीही थर्मल ड्रोन घ्यायचा आहे त्यांना मी रोखणार नाही. दोन-चार गावांनी मिळून, उडवणारी माणसे आधी तयार करून, ६४० बिंदूंचा कॅमेरा घेतला तर तो पहाटेच्या शोधात जीव वाचवू शकतो. मात्र पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याला आपल्याच नदीवर बोलवावे. एक माणूस दुपारी चारला कातळावर, एक केळीच्या बागेत, एक कमरेइतक्या पाण्यात असा बसवावा आणि जागा विक्रेत्याला सांगू नयेत. तीच परीक्षा दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला पुन्हा घ्यावी, आणि दोन्ही वेळी किती माणसे किती मिनिटांत सापडली ते वहीत लिहून ग्रामसभेसमोर वाचावे. विक्रेता या परीक्षेला तयार नसेल तर खरेदीचा ठराव पुढच्या सभेपर्यंत थांबवावा.