"चार-पाच रिव्ह्यू वाचले की कळतं" : घोडबंदरकर यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार घोडबंदरकर,

ऑनलाइन तारे आणि रिव्ह्यू यांवर किती भिस्त ठेवावी, या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया आधी इथे पुन्हा देतो, म्हणजे मी कशाला उत्तर देतोय ते इतरांनाही कळेल. "एवढा लांबलचक लेख लिहून तुम्ही नुसता संशय पेरलाय. चार-पाच रिव्ह्यू वाचले की खरं-खोटं कुणालाही कळतं. तुमच्यासारख्या लोकांमुळे लहान दुकानदारांच्या पोटावर पाय येतो. 2022 पासून सरकारी मानक आलंय, खोटे रिव्ह्यू आता चालत नाहीत, एवढं तरी वाचून लिहा. आणि उदाहरणं सगळी नौपाडा-पाचपाखाडीची, घोडबंदर रोड ठाण्यात येत नाही का?"

शेवटची तक्रार मान्य. उदाहरणं एकाच पट्ट्यातली होती, तेव्हा या वेळी घोडबंदर रोडही घेतो आणि खारघरही. लेख लांब आहे हेही खरं. विषयच तेवढा आहे.

आता "तुमच्यासारख्या लोकांमुळे". हे शब्द तुम्ही सहज लिहून गेलात, मला ते सहज घेता येत नाहीत. ठाणे आणि नवी मुंबईतल्या लहान दुकानांची, दवाखान्यांची, क्लासेसची गूगलवरची नोंद सांभाळणं, खोट्या रिव्ह्यूंची तक्रार लावणं, मालकांना उत्तरं लिहायला मदत करणं, हेच माझं रोजचं काम आहे. लहान दुकानदाराच्या पोटावर पाय कोण देतो ते मला काउंटरच्या आतल्या बाजूने दिसतं. पाच तारे विकत घेणारा त्याचा शेजारी देतो, आणि तेवढेच तारे बघून शेजाऱ्याकडे जाणारं गिऱ्हाईक देतं. मुद्द्यावर वाद घाला, जरूर घाला. पण एखाद्याच्या हेतूवर बोट ठेवायच्या आधी तो माणूस करतो काय, हे विचारावं. तुम्ही विचारलं नाहीत. वड्याचं तेल वांग्यावर काढलंत.

"चार-पाच रिव्ह्यू वाचले की खरं-खोटं कुणालाही कळतं." या एका वाक्यावर बोलायलाच हवं, कारण बहुतेक लोक असंच करतात आणि तिथेच फसतात.

पहिला प्रश्न, कोणते चार-पाच? गूगल मॅप्सवर दुकान उघडलंत की आधी दिसतात ते गूगलला सर्वांत संबंधित वाटलेले. ते तुम्ही निवडलेले नसतात, आणि सरसकट सगळ्यांमधून चिठ्ठी टाकून काढलेलेही नसतात. क्रम बदलून "सर्वात नवीन" लावा, थोडं वाचा, मग "सर्वात कमी रेटिंग" लावा आणि पुन्हा वाचा. तारीख बघताना एक गोष्ट ध्यानात ठेवा : गूगल नेमका दिवस दाखवत नाही. "एक वर्षापूर्वी" म्हणजे बारा महिन्यांपूर्वी असेल किंवा तेवीस महिन्यांपूर्वीही. तेवढ्या काळात दुकानाचा मालक बदलतो, आचारी बदलतो, कधी कधी नाव तेच ठेवून धंदाच बदलतो. तारे मात्र नोंदीला चिकटून राहतात.

दुसरा प्रश्न सरासरीचा. 4.8 हा आकडा टिकवायला काय लागतं ते मांडून बघा. एक माणूस रागावून 1 तारा देऊन गेला, तर सरासरी पुन्हा 4.8 वर यायला त्या एकामागे 5 ताऱ्यांचे 19 रिव्ह्यू लागतात. (19 गुणिले 5 म्हणजे 95, अधिक 1 म्हणजे 96, भागिले 20.) आता कुठल्याही खऱ्या धंद्याचा विचार करा. वीस गिऱ्हाइकांमागे एक नाराज असणं अजिबात जगावेगळं नाही, आणि नाराज माणूस आपणहून लिहितो. समाधानी माणूस बिल देऊन घरी जातो, त्याला मागे लागून लिहायला लावावं लागतं. म्हणून 4.8 दिसलं की मी विचारतो, हे एकोणीस जण लिहिते कसे झाले?

विकत घेणाऱ्याचं गणित त्याहून सोपं आहे. 50 रिव्ह्यू आणि सरासरी 3.6 असलेल्या दुकानाला 4.5 वर जायला 5 ताऱ्यांचे 90 खोटे रिव्ह्यू पुरतात. तेच 500 रिव्ह्यू असतील तर 900 लागतील. म्हणून रिव्ह्यूंची संख्या ताऱ्यांइतकीच महत्त्वाची. 12 रिव्ह्यूंवर 5.0 आणि 640 रिव्ह्यूंवर 4.3 असं समोर आलं, तर दोघांच्याही खात्यात 4 ताऱ्यांचे 50 काल्पनिक रिव्ह्यू मिसळून सरासरी पुन्हा काढा. पहिला 4.19 वर उतरतो, दुसरा 4.28 वर थांबतो. म्हणजे पहिल्याचे तारे फार थोड्या लोकांच्या मतावर उभे होते. मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरवर अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

तिसरा प्रश्न, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा : रिव्ह्यू लिहिला तेव्हा त्या माणसाला कळलेलं होतं तरी काय? मिसळ पहिल्या घासाला कळते, तिथे तुमचे चार-पाच रिव्ह्यू चालून जातील. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं काय? घोडबंदर रोडवरच्या सोसायट्या हे काम एप्रिल-मेमध्ये करून घेतात. शेवटचं बिल चुकतं होतं त्याच दिवशी ठेकेदार सेक्रेटरींना लिंक पाठवतो, आणि "वेळेत काम, स्वच्छ काम, माणसं नम्र" असे पाच तारे पडतात. सगळं खरं असतं. फक्त गळतीबद्दल त्यात एक अक्षर नसतं, कारण पाऊसच पडलेला नसतो. काम बिघडतं ते बहुधा कठड्याची भिंत आणि स्लॅब जिथे मिळतात त्या सांध्यात, किंवा पावसाळी पाइपाच्या तोंडाशी. ते दिसतं जुलैत, सलग झड लागल्यावर, वरच्या मजल्याच्या छताला ओल धरून रंग फुगायला लागतो तेव्हा. म्हणून वॉटरप्रूफिंगवाल्याचे मे महिन्यातले रिव्ह्यू बाजूला ठेवायचे आणि ऑगस्ट-सप्टेंबरमधले शोधायचे. सप्टेंबरमध्ये क्रम "सर्वात नवीन" लावून बसलात तर ते वर येतात, वर्षभराने शोधायला गेलात तर सगळेच "एक वर्षापूर्वी" होऊन बसतात. "संपादित" असं लिहिलेला रिव्ह्यू तर सोडूच नका. माणूस परत येऊन काहीतरी बदलून गेलाय, ते का, हे बऱ्याचदा त्यातच लिहिलेलं असतं. गच्चीवर पाणी तुंबवून दोन-तीन दिवस ठेवलं होतं का, हमी लेखी दिली का, आणि पुढच्या पावसात बोलावल्यावर माणूस आला का, या तीन गोष्टी ज्या रिव्ह्यूत आहेत तो एक रिव्ह्यू पंचवीस "उत्कृष्ट सेवा"पेक्षा जड आहे.

एसीचंही तसंच. मे महिन्यात खारघरला एसीत गॅस भरून घेतला की त्या संध्याकाळी खोली थंड होणारच. टेक्निशियन दारातच उभा राहून "साहेब, फाइव्ह स्टार द्या, माझ्या इन्सेंटिव्हचा प्रश्न आहे" म्हणतो, आणि आपण देतो, कारण घाम गाळलेल्या माणसाला नाही म्हणवत नाही. गळती फ्लेअर जॉइंटला (तांब्याच्या पाइपाच्या सांध्याला) किंवा कॉइलला असेल आणि ती न शोधताच गॅस भरला असेल, तर काही दिवसांनी थंडावा पुन्हा कमी. पण रेटिंग तर दिलेलं असतं. तेव्हा ज्या रिव्ह्यूत "गॅस भरण्याआधी साबणाच्या पाण्याने सांधे तपासले" किंवा "नायट्रोजन भरून प्रेशर टिकतंय का ते पाहिलं" असं लिहिलंय तो वाचा. अशा माणसाने काम डोळ्यांनी बघितलेलं असतं.

फ्लॅटच्या बाबतीत तर साइट ऑफिसच्या नोंदीवरचे तारे मी मोजतच नाही. ते लिहिणाऱ्यांतले कित्येक सॅम्पल फ्लॅट बघून, चहा घेऊन आलेले असतात, ताबा कुणालाच मिळालेला नसतो. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाका, पूर्णतेची मूळ तारीख आणि वाढवून घेतलेली तारीख शेजारी शेजारी बघा, तक्रारी बघा. हे दहा मिनिटांचं काम शंभर रिव्ह्यू वाचण्याहून उपयोगाचं आहे.

राहिलं "कुणालाही कळतं". 2017 साली लंडनमध्ये एका पत्रकाराने अस्तित्वातच नसलेलं रेस्टॉरंट खोट्या रिव्ह्यूंच्या जोरावर ट्रिपअ‍ॅडव्हायजरवर शहरात पहिल्या क्रमांकाला नेलं. लोक टेबल राखून ठेवायला फोन करत होते. त्यांनीही चार-पाच रिव्ह्यू वाचलेच असणार.

कळायचं असेल तर रिव्ह्यूवरून लिहिणाऱ्याकडे जावं लागतं. नावावर टॅप करा. एकाच आठवड्यात वाशीचा दंतवैद्य, राजकोटचं टाइल्सचं दुकान आणि कोइम्बतूरचं हॉस्पिटल, तिन्हीला पाच तारे आणि तिन्हीखाली एकेक ओळ, असं दिसलं तर तो कुणाचाच गिऱ्हाईक नव्हे. (काही जणांनी आपली यादी लपवलेली असते. नुसतं तेवढ्यावरून कुणाला खोटं ठरवू नका.) यातले बरेच रिव्ह्यू टेलिग्रामवरच्या "घरबसल्या कमवा" टास्कमधून येतात. हॉटेलला पाच तारे द्या, स्क्रीनशॉट पाठवा, थोडे रुपये घ्या. पहिले पैसे खरोखर मिळतात, पुढे "प्रीपेड टास्क" (आधी स्वतःचे पैसे भरा, मग कमवा) सांगून त्याच माणसाची बचत काढून घेतली जाते. म्हणजे खोटा रिव्ह्यू लिहिणारा कित्येकदा स्वतःच पुढचा बळी असतो. तुमच्या ओळखीत कुणी अडकलं असेल तर सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तातडीने फोन करायला सांगा. पैसे पुढे सरकायच्या आत तक्रार गेली तरच ते अडवता येतात.

आणखी एक खूण म्हणजे लागोपाठच्या रिव्ह्यूंमध्ये कर्मचाऱ्याचं नाव. "अमुक मॅडमनी छान समजावलं", "अमुक मॅडम बेस्ट", पुन्हा "अमुक मॅडम". तिथे बहुधा नावागणिक बक्षीस ठेवलेलं असतं. गिऱ्हाइकं खरी असतात, पण काउंटरवर उभी राहून, समोर मॅडम असताना लिहिलेली. काउंटरवर "रिव्ह्यू द्या, 10 टक्के सूट मिळवा" अशी क्यूआर कोडची पाटी असेल तर ते गूगलच्या नियमांत बसत नाही. खूश माणसाला गूगलची लिंक आणि नाराज माणसाला व्हॉट्सअ‍ॅपचा नंबर, ही चाळणीही बसत नाही.

अ‍ॅमेझॉनवरच्या "व्हेरिफाइड पर्चेस"चा मुद्दा तुम्ही काढला नाहीत, पण दुसऱ्या कुणी काढण्याआधी सांगून टाकतो. त्या शिक्क्याने एवढंच कळतं की वस्तू तिथून घेतली गेली. आधी विकत घ्यायला लावून, रिव्ह्यू पडला की पैसे यूपीआयने परत करणारे विक्रेते असतातच, आणि शिक्का तिथेही लागतो. रिव्ह्यूच्या वर रंग-आकाराची बारीक ओळ असते तीही वाचा. कधी कधी वेगळ्याच वस्तूचे जुने रिव्ह्यू नव्या वस्तूखाली जोडलेले सापडतात. याच प्रकाराबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2023 मध्ये एका व्हिटॅमिन कंपनीकडून 6 लाख डॉलर वसूल केले.

सरकारी मानकाबद्दल थोडक्यात. तुम्ही म्हणता ते आयएस 19000:2022, म्हणजे ऑनलाइन रिव्ह्यूंसाठीचं भारतीय मानक, मला माहीत आहे. ते 25 नोव्हेंबर 2022 पासून आलं, आलं तेव्हा ऐच्छिक होतं, आणि रिव्ह्यू गोळा करणाऱ्या, तपासणाऱ्या, छापणाऱ्या संस्थांनी कसं वागावं ते सांगतं. विक्रेत्याने ग्राहक असल्याचं भासवून रिव्ह्यू लिहू नये, हे तर 2020 च्या ई-कॉमर्स नियमांतच होतं. नियम आहे म्हणून प्रकार थांबला, हे तुमचं अनुमान आहे. "एवढं तरी वाचून लिहा" हे वाक्य निदान या मुद्द्यावर नको होतं.

लहान दुकानदारांची तुम्हाला कळकळ आहे यावर माझा विश्वास आहे. तर मग त्यांना हे सांगा. शत्रुत्वाने टाकलेला 1 तारा दिसला की खाली भांडण लिहू नका. आधी रिव्ह्यूशेजारच्या तीन टिंबांतून तक्रार लावा, आणि कारण नेमकं निवडा. प्रतिस्पर्धी किंवा जुना नोकर असेल तर "हितसंबंधांचा संघर्ष". "हा खोटं बोलतोय" एवढ्यावर गूगल रिव्ह्यू काढत नाही, कोण खरं यात ते पडत नाही, नियम मोडलाय का तेवढंच बघतं. तक्रार फेटाळली तर अपिलाची एक संधी मिळते, ती पुराव्याशिवाय वाया घालवू नका. आणि उत्तर दोन ओळींचं ठेवा : "आपल्या नावाचं बिल आमच्याकडे सापडत नाही, कृपया बिल क्रमांक आणि तारीख कळवा." पुढचं गिऱ्हाईक रिव्ह्यूसोबत हेही वाचतं, आणि बिल क्रमांक आला नाही हेही त्याला दिसतं.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. लेखात घोडबंदरचं वॉटरप्रूफिंगचं उदाहरण या आठवड्यात घालतो. तुमच्या सोसायटीने असं काम करून घेतलं असेल आणि त्यावर दोन पावसाळे गेले असतील, तर काय टिकलं आणि काय गळलं ते इथेच खाली लिहा, फक्त "तुमच्यासारखे लोक" वगळून.