चेंबर कुठं आहे, हे कुणाला माहीत आहे?

आमच्या गल्लीत दर जुलैला एकदा तरी गुडघाभर पाणी साचायचं, आणि दर जुलैला मी एकदा तरी इथं महापालिकेच्या नावानं शिमगा करायचो. दोन वर्षांपूर्वीची पोस्ट जुन्या मंडळींना आठवत असेल. दोनशेच्या वर लाइक पडले, त्यातले तीस-पस्तीस माझ्याच गल्लीतल्यांचे. म्हणजे पाण्यात उभं राहून आम्ही एकमेकांना लाइक देत होतो. शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही. वाचून तुम्हाला आपलंच शहर वाटलं तर वाटू द्या.

त्या वर्षी ॲपवरच्या तक्रारीला तिसऱ्या दिवशी उत्तर आलं : ‘निराकरण करण्यात आले.’ पाणी तसंच. मग आम्ही पाचजण तावातावानं प्रभाग कार्यालयात गेलो. एकानं मोबाइलवर व्हिडिओ चालूच ठेवला होता, कुणी उलट बोललं तर व्हायरल करायला. टेबलामागं ड्रेनेजचे कनिष्ठ अभियंता, वय असेल अठ्ठावीस-तीस. आमचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “काका, चेंबर कुठं आहे तेवढं दाखवा, आज गाडी लावतो.”

आम्ही गप्प. चेंबर कुठंय ते आम्ही का सांगायचं, ते तुमचं काम, असं कुणीतरी पुटपुटलं. त्यांनी कपाटातून नकाशा काढून पसरला. त्यात आमच्या गल्लीच्या जागी शेत होतं.

शनिवारी सकाळी ते आले, सोबत एक मुकादम. निवृत्तीला दोन वर्षं उरलेला माणूस. त्यांनी नकाशा-बिकाशा मागितला नाही, पहार घेतली. पहार उभी धरायची, वीतभर उचलायची आणि सोडायची. टण्. एक पाऊल पुढं. टण्. पुन्हा टण्. सगळी गल्ली बाल्कनीत उभी राहून बघतेय. आणि नंबर सातच्या फाटकासमोर आवाज बदलला : डब. “इथं हाय,” मुकादम म्हणाले. पेव्हर ब्लॉक काढले, खालची कच काढली, आणि त्याखाली बिडाचं झाकण, गंजून चिकटलेलं.

हे पेव्हर ब्लॉक कुणी टाकले? तेव्हाच्या नगरसेवकांनी, त्यांच्या निधीतून. कुणाच्या मागणीवरून? आमच्या. साठ सह्यांचा अर्ज होता, त्यात माझी सही अकरावी. भूमिपूजनाला नारळ फोडला त्याचे फोटो आहेत, मी मागच्या रांगेत हसतोय. झाकणं वर उचलून घ्या असं ठेकेदाराला सांगायचं ना त्या साठजणांना सुचलं, ना देखरेखीवर असलेल्या कुणाला.

झाकण निघालं. आत डबर, नारळाच्या शेंड्या, एक टेनिस बॉल आणि बाथरूमच्या टाइल्सचे तुकडे. टाइल्सचा रंग बघून दोघंजण हळूच मागं सरकले. आमच्यातल्या एकानं सुचवलं, एखादा माणूस उतरवा ना आत, पटकन मोकळं होईल. मुकादमांनी त्याच्याकडं नुसतं बघितलं. “उतरा की मग.” गटारात माणूस उतरवून साफसफाई करून घेण्याविरुद्ध २०१३ सालचा कायदा आहे, हे माहीत नसलेले आम्ही सगळे पदवीधर. सोमवारी जेटिंगची (जोराच्या पाण्याच्या फवाऱ्यानं तुंबलेलं मोकळं करणारी) गाडी आली आणि पंपानं काम झालं.

एवढ्यावर भागलं असतं तर ही पोस्ट लिहिली नसती. पुढच्या पावसात पाणी पुन्हा साचलं, थोडं कमी. या वेळी अभियंते भर पावसात आले आणि त्यांनी विचारलं, “गच्चीचं पाणी कुठं सोडलंय?” आता हे समजून घ्या, कारण मलाही पन्नाशी उलटल्यावर समजलं. सांडपाण्याची वाहिनी वेगळी, पावसाळी गटार वेगळं. सांडपाण्याची वाहिनी घरातल्या रोजच्या वापराच्या हिशेबानं टाकलेली असते. तिच्यात गच्चीवरचा पाऊस सोडला की तिला पेलवत नाही, ती झाकणातून वर येते आणि येताना घाणही घेऊन येते. गल्लीतल्या चौदा इमारतींपैकी नऊंनी गच्चीचा पाइप सरळ ड्रेनेजच्या चेंबरला जोडलेला. आमची सोसायटी त्यातच. बिल्डरनं तसं करून दिलं, आम्ही कधी वाकून पाहिलं नाही.

ते नऊ पाइप वेगळे करताना जी भांडणं झाली ती लिहायला बसलो तर कादंबरी होईल. खर्च सोसायट्यांचा. एका सोसायटीच्या सेक्रेटरींनी मला रस्त्यात गाठून विचारलं, “तुम्ही महापालिकेकडून पगार घेता का?” आठ झाले. नववा अजून बाकी आहे.

दरम्यान तळमजल्यावरच्या आजींनी एक वही धरली. लग्न होऊन आल्या तेव्हापासून त्या इथं. कुठल्या झाकणावर कुणाची स्कूटर घसरली, कुठल्या झाकणाशेजारी कुणाची गाय बांधलेली असायची, हे त्यांच्या डोक्यात पक्कं. त्या सांगत गेल्या, आम्ही खडूनं खुणा करत गेलो, मुकादम पहार टाकत गेले. अकरा चेंबर सापडले. वहीच्या त्या पानाचा फोटो अभियंत्यांनी मोबाइलमध्ये घेतला. माझ्या समजुतीप्रमाणे आमच्या भागाचा अधिकृत नकाशा आजही तोच आहे!

मला मुख्य सांगायचंय ते इथून पुढं. पावसाळी गटाराची शेवटची एकशेचाळीस मीटर वाहिनी नव्यानं टाकावी लागणार होती. आम्ही म्हटलं, टाका. ते म्हणाले, “पैसे कुठल्या लेखाशीर्षातून? जुलैत मागताय, आता काय उरलंय! सप्टेंबरात या.” आम्हाला वाटलं, टाळतायत. तरी सप्टेंबरात गेलो. मग कळलं की वर्षभराचा एक क्रम असतो. प्रत्येक भागाची पूर्वगणनपत्रकं (एस्टिमेट हो!) दिवाळीच्या आगेमागे वर जातात, आयुक्त जानेवारी-फेब्रुवारीत अंदाजपत्रक मांडतात, एक एप्रिलला नवं वर्ष उघडतं, आणि पाऊस यायच्या आत खोदाई उरकावी लागते, कारण नंतर खोदता येत नाही. म्हणजे आपण सगळे ज्या महिन्यात बोंबलतो, त्या महिन्यात तिजोरीही बंद आणि रस्ताही बंद. ज्या महिन्यात मागायला हवं तेव्हा गल्ली कोरडी ठणठणीत असते आणि आपण गणपतीच्या वर्गणीत गुंतलेले असतो. आमचा अर्ज सप्टेंबरात आवक-जावकला गेला, पोच घेतली, शिक्का मारून घेतला. काम पुढच्या मे महिन्यात झालं. मध्ये किती खेपा घातल्या ते विचारू नका.

पुण्यात यासाठी रीतसर सोय आहे. २००६-०७ पासून तिथली महापालिका नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामं मागवते. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज भरायचा, पाच लाखांपर्यंतचं काम सुचवायचं. एकूण अंदाजपत्रकात हा वाटा चिमूटभर, आणि त्यातही बाकं, नामफलक आणि आपले लाडके पेव्हर ब्लॉक यांचीच चलती. तरी अर्जाची मुदत पेपरात छापून येते हेच मला मोठं वाटतं. आमच्याकडं ती मुदत अभियंत्यांच्या तोंडून कळली, तीही त्यांना आमची दया आली म्हणून.

राज्यघटनेत ७४वी दुरुस्ती लागू झाली १ जून १९९३ ला. तीन लाख किंवा त्यावर लोकसंख्या असलेल्या शहरांत वॉर्ड समित्या हव्यात, असं तिच्यात लिहिलंय. समित्या झाल्या, पण अनेक प्रभागांची मिळून एक. तिथं गल्लीतल्या माणसाला कोण विचारतो? आणि मधल्या काळात तर नगरसेवकच नव्हते. मुंबई-पुण्याची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि मतदान व्हायला जानेवारी २०२६ उजाडला. जवळजवळ चार वर्षं प्रशासक. आमचं सगळं काम त्या काळातलं. काहीजण म्हणतात नगरसेवक नव्हते म्हणूनच काम झालं. मला ते पटत नाही. त्या काळात अभियंता बदलून गेला असता तर आम्ही कुणाच्या दारात जाणार होतो? आमचं नशीब म्हणून माणूस बरा मिळाला. नशिबावर गटारं चालवायची नसतात.

आता नेहमीचा प्रश्न, जो कॉमेंटमध्ये येणारच आहे : “कर आम्ही भरायचा आणि काम पण आम्हीच करायचं?” अगदी रास्त प्रश्न आहे. लोकसहभाग हा शब्द ऐकला की माझा हात आपोआप खिशाकडं जातो. रविवारी झाडू हातात द्यायचा, टोप्या घालायच्या, फोटो काढायचा, आणि सोमवारी सफाई कामगारांची भरती थांबवायची, या सहभागाला माझा विरोधच आहे. झाडू मारणं हे पगारी काम आहे, ते पगार देऊनच करून घ्यावं. पुण्यातल्या ‘स्वच्छ’चं मला म्हणून कौतुक वाटतं. कचरा वेचणाऱ्या बायकांची स्वतःची सहकारी संस्था, २००८ मध्ये महापालिकेशी करार, घरटी महिन्याला ठरलेले पैसे. प्रत्येकाचा वाटा वेगळा आणि ठरलेला. करार वाढवायची वेळ आली की दरवेळी काहीतरी ताणाताणी होते, ती वेगळी गोष्ट.

याउलट मुंबईचं एएलएम, म्हणजे ‘ॲडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट’, गल्लीतल्या रहिवाशांचे गट. घाटकोपरच्या जोशी लेनमधून नव्वदच्या दशकात सुरू झालं, गल्लीनं ओला-सुका कचरा वेगळा केला, खत केलं, महापालिकेनं ती पद्धत उचलली आणि शहरभर शेकडो गट उभे राहिले. पुढं पुष्कळसे गट नावापुरते राहिले. मला वाटतं, दहा-वीस उत्साही निवृत्तांच्या जिवावर उभं राहिलेलं काम त्यांचे गुडघे दुखायला लागले की बसतं. आमच्या वहीचंही तेच होईल अशी मला भीती आहे. आमच्या गटात चाळिशीच्या आतले फक्त तिघं, त्यातला एक महिन्याभरात बंगळुरूला चाललाय.

आणि आता जे लिहायचं मी टाळत होतो ते. गेल्या जुलैत आमची गल्ली कोरडी राहिली. व्हॉट्सॲप ग्रुपवर फटाक्यांचे इमोजी, मला शाल देण्याचा ठराव वगैरे. चौथ्या दिवशी आमच्या इमारतीत धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी म्हणाल्या, “दादा, तुमचं पाणी गेलं ते आमच्याकडं आलं.” आमची नवी वाहिनी जिथं नाल्याला मिळते तिथून पन्नास पावलांवर त्यांची वस्ती. आधी आमच्या गल्लीत दोन तास रेंगाळणारं पाणी आता दहा मिनिटांत नाल्यात पडतं, आणि नाला तिथं एका पडलेल्या भिंतीनं अर्धा बुजलेला आहे. सात घरांत पाणी शिरलं.

वर्षभर आम्ही बैठका घेतल्या. सगळ्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये. वस्तीतल्या एकालाही बोलावलं नव्हतं, आणि मुद्दाम टाळलं असंही नाही. सुचलंच नाही. मावशी आमच्या ग्रुपवर नव्हत्या, म्हणजे आमच्या लेखी त्या तिथं नव्हत्याच. अभियंत्यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, “मी एस्टिमेटमध्ये नाल्याचं तोंड पण धरलं होतं, वर कापलं गेलं.” कापलं गेलं हे आम्हाला कळलं नाही, कारण आमचे एकशेचाळीस मीटर मंजूर झाले म्हटल्यावर आम्ही पुढं वाचलंच नाही.

मग सप्टेंबरात दुसरा अर्ज गेला. त्यावर पहिली सही मावशींची, मग वस्तीतल्या बेचाळीस, मग आमच्या. पडलेली भिंत मार्चमध्ये निघाली. नाल्याच्या तोंडाचं काम अंदाजपत्रकात आलंय, पण टेंडर अजून निघालेलं नाही, आणि पाऊस दारात उभा आहे. नवे नगरसेवक दोनदा येऊन फोटो काढून गेले. त्यांना मी वहीच्या पानाची झेरॉक्स दिली आहे, घडी करून शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली त्यांनी.

येत्या रविवारी सकाळी साडेनऊला बैठक आहे. या वेळी वस्तीतल्या समाजमंदिरात. नवव्या पाइपवाल्या सेक्रेटरींना मी स्वतः घरी जाऊन सांगून आलोय. आजी येणार आहेत, त्यांना न्यायला रिक्षा ठरवलीय. मुकादम आता निवृत्त झालेत, पण पहार घेऊन येतो म्हणालेत. अभियंतेही येतो म्हणालेत. मागच्या वेळीही म्हणाले होते, आणि आले होते.