पोरगं तुमचं, सांभाळायला अख्खं नाशिक आहे की!

रविवारी सकाळी पोरांना घेऊन मिसळ खायला निघालाय? निघा निघा. फक्त एक गोष्ट घरीच ठेवून या, ती म्हणजे लक्ष. डायपरची बॅग, पाण्याची बाटली, पॉवर बँक एवढं सगळं सांभाळायचं आणि वर पुन्हा पोरगंही आपणच सांभाळायचं म्हणजे जरा अतीच होतं. बाकीची पब्लिक कशाला आहे मग?

गंगापूर रोडला जा नाहीतर मखमलाबादकडे जा, रविवारी वेटिंग असणारच. नंबर लागला की पहिलं काम काय, तर पोराला खाली सोडायचं आणि मोबाईल काढायचा. चिरंजीव लगेच हात पसरून टेबलांच्या मधून विमान करत सुटतील, सुटू द्या. त्याच बोळकांडीतून वेटर येत असतो, एका हातात ताटं, दुसऱ्या हातात वाफाळत्या रश्श्याचा जग, आणि चारी बाजूंनी 'रस्सा आण रे', 'पाव दे रे' चाललेलं. तुमच्या बाळाला चुकवत नाचणं हे त्याचं कामच आहे, पगार कशाचा घेतो तो? आणि समजा बाळ त्याच्या गुडघ्यावर आदळलंच, जग हेंदकाळला आणि बिचाऱ्याने रस्सा पोरावर सांडू नये म्हणून स्वतःच्या मनगटावर घेतला, तर घाबरायचं नाही, ताडकन उठायचं आणि त्याच्यावरच ओरडायचं, 'दिसत नाही का, लहान मूल आहे!' हे वाक्य पाठच करून ठेवा, कुठेही चालतं. मग गल्ल्यावरून मालक येईल, सॉरी म्हणेल, पोराला जिलबी देईल. वेटर मागे जाऊन नळाखाली हात धरून उभा राहील, ते काय तुम्हाला टेबलावरून दिसत नाही.

एवढ्यात तुमचं रत्न शेजारच्या टेबलावर जाऊन कुणा आजोबांच्या पापडात बोट घालेल. उठू नका. बसल्या जागेवरून कौतुकाने म्हणा, 'आमच्याला ना पापड फार आवडतो हो!' आता पापड द्यायचा की नाही हा आजोबांच्या संस्काराचा प्रश्न झाला, तुमच्या नाही. आणि कुणी फारच डोळे वटारले तर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं, 'बेटू, डोन्ट डू दॅट, ते अंकल रागावतील हं!' म्हणजे तुम्ही गोड ते गोड आणि शिस्तीचं कंत्राट अंकलकडे. अंकल बिचारे मटकी चिवडत बसलेत, त्यांना आपण कधी राक्षस झालो ते कळलेलंही नसतं.

(एक सांगतो, पोरांबद्दल माझी काही तक्रार नाही. दोन वर्षांच्या जिवाला रस्सा गरम की गार काय कळणार, ते पळणारच. मी बोलतोय ते त्यांच्या पस्तिशीतल्या बाळांशी.)

संध्याकाळी कालिदास कलामंदिरात नाटकालाही न्या त्याला. दुसऱ्या अंकात नटाने कुठे श्वास रोखलाय की इकडे फोनवर बडबडगीत लावून द्यायचं, फुल व्हॉल्यूम, नाहीतर त्याला ऐकू कसं येणार? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगून ठेवलंय की वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन अजिबात नको आणि दोन ते चार वर्षांच्यांना दिवसाला तासाभराच्या वर नको. सांगायला काय जातंय त्यांचं!

गाडीवर जाताना मोठ्याला पुढे उभा करा, धाकटी मधे कोंबा. चार वर्षांखालच्या पोराला हार्नेस बांधा, हेल्मेट घाला, स्पीड ४० च्या वर नेऊ नका असा केंद्राचा नियम २०२२ मध्येच आलाय, पण तो बहुतेक दुसऱ्यांच्या पोरांसाठी असावा. तुमच्याकडे हेल्मेट एकच आणि ते बाबांच्या डोक्यावर, कारण दंड बाबांना होतो ना.

पांडवलेणीला गेलात तर पोराच्या हाती एखादा टोकदार खडा द्या. तीन नंबरच्या लेण्यात सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचा, गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे, जवळजवळ एकोणीसशे वर्षं टिकलाय, त्याच्या शेजारी तुमच्या आर्यनचा 'A' शोभून दिसेल. संरक्षित स्मारकाची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड होऊ शकतो म्हणे. तुम्ही सांगा, ड्रॉइंगला क्लास लावलाय.

आणि गोदाघाट विसरू नका. रामकुंडाच्या ओल्या पायरीवर धाकटीला उभं करायचं, 'मागे मागे, अजून थोडी मागे, स्माईल!' म्हणायचं आणि आपण स्क्रीनमध्ये बघत राहायचं. पायरीवर शेवाळ आहे, पाणी वाहतंय, ठीक आहे, पण लाईट काय मस्त आलाय! पोरीचा पाय सटकला तर शेजारी द्रोणात फुलं-दिवे घेऊन बसलेली एखादी मावशी धावेल, फ्रॉकला धरून मागे ओढेल. तिचे आभार वगैरे मानायच्या भानगडीत पडू नका, उलट विचारा, 'आमच्या मुलीला हात कशाला लावला? फ्रॉक फाटला असता ना!' मग रील नीट आलंय का ते बघून घ्या. मावशीचा हात मधे आला असेल तर पोरीला परत तिथेच उभं करा.