‘सी’ सापडला म्हणून मेंदू शाबूत, असं नसतं

पॅरिसच्या एका प्राध्यापकाच्या नावानं एक मेसेज कित्येक वर्षं फिरतोय. ‘आपण विसरतोय हे ज्याला कळतं, त्याला अल्झायमर नसतो. साठीनंतर विसरणं वयाचंच. इंग्रजी ओ अक्षरांच्या गर्दीतला सी शोधा. सापडला की मेंदू ठणठणीत.’

माझ्या आत्याला सी लगेच सापडला होता. त्याच आठवड्यात तिच्या ओट्यामागच्या टाइलवर चिठ्ठी दिसली: ‘दूधवाल्याला पैसे दिले.’ ‘दिले’खाली तीन रेघा, कारण आदल्या महिन्यात दोनदा दिले होते. ‘माझं डोकं चालेनासं झालंय गं,’ असं ती स्वतःच म्हणायची आणि आम्ही हाच मेसेज दाखवून तिला गप्प करायचो. त्यात दीड वर्ष गेलं.

‘कळतं म्हणजे नाही’ हे साफ चूक आहे. आजार वाढत जातो तशी अनेकांची ही जाणीव पुसट होते, हे खरं. पण सुरुवातीला अनेकांना ती असते. ज्या रुग्णामुळे हा आजार नोंदला गेला, ती ऑगुस्टे डेटर १९०१ मध्ये फ्रँकफुर्टच्या इस्पितळात आली तेव्हा ५१ वर्षांची होती. स्वतःचं नाव लिहिता येईना, तेव्हा तीच डॉ. अलॉइस अल्झायमर यांना म्हणाली, ज्यांचं नाव या आजाराला मिळालं, मी स्वतःला हरवून बसलेय. याहून जास्त काय कळायला हवं?

सी शोधताना नजर आणि लक्ष कामी येतं. अल्झायमर बहुधा ताज्या आठवणी आधी खातो. म्हणून डॉक्टर काही शब्द सांगतात, इकडचं तिकडचं बोलतात आणि थोड्या वेळानं तेच शब्द विचारतात. घड्याळाचं चित्र काढायला लावतात, घरच्यांनाही विचारतात.

आणि वय? नाव उशिरा आठवलं तर ठीक. तासाभरात तोच प्रश्न चारदा, रोजच्या गल्लीत वाट चुकणं, जन्मभर सांभाळलेल्या हिशेबात घोळ, याला वय म्हणून सोडून देऊ नका. कधी कधी मूळ बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइड किंवा नैराश्य निघतं, आणि त्यावर उपचार आहेत.

कोडी सोडवा, जरूर सोडवा. पण ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचे टाळता येण्याजोगे १४ धोके मांडले, त्यात रक्तदाब, मधुमेह, एकटेपणा आणि कमी ऐकू येणंही आहे. आत्यानं भजनी मंडळ सोडलं ते ऐकू येत नव्हतं म्हणून. डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा आम्हाला कळलं. आता कानाला यंत्र आहे. चिठ्ठ्या वाढल्यात, पण दर गुरुवारी ती टाळ घेऊन निघते.