प्रॉम्प्ट लिहायचा तर आधी नाशिक नीट बघा

तयार प्रॉम्प्ट, म्हणजे एआयला चित्र काढायला सांगणारा मजकूर, एकमेकांना फॉरवर्ड करणं आपण थांबवायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलचं चित्रं बनवणारं नॅनो बनाना आलं, सप्टेंबरात त्यावर बनवलेल्या साडीतल्या फोटोंची लाट आली आणि कॉलेज रोडपासून सिडकोपर्यंत ओळखीतल्या कितीतरी मुली एकाच शिफॉनच्या साडीत, एकाच सोनेरी उन्हात, केसांत एकच फूल माळून उभ्या राहिल्या. हौस म्हणून ठीक आहे, हौसेला मोल नसतं. पण मी डिझाइनचं काम करते. द्राक्षाच्या पेट्यांची लेबलं, लग्नपत्रिका, दुकानांचे बोर्ड. तिथेही आता गिऱ्हाईक मोबाइल पुढे करतं, "ताई, हा प्रॉम्प्ट टाका, सेम असंच पाहिजे." त्या प्रॉम्प्टमध्ये ना त्यांचं दुकान असतं, ना त्यांचं गाव.

ही चित्रं तयार कशी होतात ते एकदा समजून घ्या. चित्र काढणारं एआय मॉडेल शिकतं ते चित्र आणि त्याखालचा मजकूर अशा जोड्यांवरून. २०२२ च्या ऑगस्टमध्ये आलेलं स्टेबल डिफ्यूजन हे असंच एक मॉडेल लायन-५बी नावाच्या संग्रहातल्या निवडक भागांवर शिकलं. त्या संग्रहात सुमारे ५८५ कोटी जोड्या होत्या आणि त्यातल्या २३० कोटींच्या आसपास इंग्रजी मजकुराच्या. चित्र काढताना सुरुवात होते ती जुन्या टीव्हीवर सिग्नल गेल्यावर दिसायच्या तशा मुंग्यांपासून. मग तुमच्या शब्दांच्या आधाराने त्या टप्प्याटप्प्याने पुसल्या जातात आणि आकार वर येतो. आता महत्त्वाची गोष्ट. जिथे तुम्ही काही सांगितलेलं नसतं, ती जागा मॉडेल रिकामी ठेवत नाही. त्याने सगळ्यात जास्त वेळा जे पाहिलंय, ते तिथे आणून बसवतं. आणि त्याने नाशिक फार कमी पाहिलंय.

द्राक्षबागेचंच बघा. नुसतं 'नाशिकची द्राक्षबाग' लिहिलं की बहुतेक वेळा युरोपातली टेकडी येते. कमरेएवढ्या वेली, सरळ ओळी, लांबवर दगडी घर. आपल्या निफाड-दिंडोरीकडच्या बागेत गेलेल्या कुणालाही हे खटकेल, कारण आपल्याकडे माणूस वेलीच्या खाली उभा असतो. एका लेबलसाठी मी लिहिलेला प्रॉम्प्ट असा होता: "लोखंडी अँगलवर वाय आकाराचा मांडव, तारांवर पसरलेली पानं, त्यांच्या खाली डोक्याच्या उंचीवर लोंबणारे लांबट हिरवे घड, मण्यांवर पांढरट भुकटीसारखा थर, काही घड वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेले. खाली काळी माती आणि ठिबकची काळी नळी. डोक्याला स्कार्फ बांधलेली मध्यमवयीन बाई हात वर करून बारीक कात्रीने घड विरळ करते आहे. सकाळचं ऊन पानांतून गाळून येतंय, कॅमेरा तिच्या खांद्याच्या उंचीवर." कागदात गुंडाळलेले घड बघून शेतकऱ्याचा चेहरा खुलला. थंडीत मणी गुलाबी पडू नयेत म्हणून कागद लावतात, हे बाहेरच्याला माहीत असायचं कारण नाही. पण त्याच कागदामुळे ती बाग नाशिकची झाली. एक मात्र त्यानेच दाखवून दिलं. विरळणी आणि कागद एका वेळी नसतात, विरळणी आधी उरकलेली असते. मग बाईच्या हातातली कात्री काढली आणि ती घडाला कागद लावताना दाखवली. चित्र आता कुठे खरं झालं.

यात 'सुंदर', 'भव्य', 'अप्रतिम' असं काहीही नाही. हे शब्द लिहून हाती काही लागत नाही, उलट चित्राला तो चकचकीत प्लास्टिकसारखा गुळगुळीतपणा येतो. वस्तू कशाची आहे, ऊन कुठून येतंय, बघणारा कुठे उभा आहे, माणसाचे हात काय करताहेत, एवढं लिहा. काय नको ते सांगण्याऐवजी काय हवं ते सांगा, कारण 'हत्ती नको' म्हटल्यावर हमखास हत्ती काढणारी मॉडेलं अजून वापरात आहेत. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशामुळे काय बदललं ते कळत नाही. मराठी अक्षरं शक्यतो चित्रात मागूच नका. जोडाक्षरांचा अनेकदा चुराडा होतो, मजकूर नंतर स्वतः टाका.

रहाडीचं उदाहरण तर खास आपलं. 'नाशिकची रंगपंचमी' म्हटलं की रंगाची पूड उडवणारी गर्दी येते, ती कुठलीही असू शकते. रहाड म्हणजे काय हे मॉडेलला डोळ्यांना दिसतं तसंच सांगावं लागतं: जुन्या वाड्यांच्या अरुंद चौकात, जमिनीच्या पातळीखाली चौकोनी दगडी हौद, काठोकाठ गडद पिवळं पाणी, कडेला खेटून उभी भिजलेली माणसं, मध्ये एक पोरगा धप्पा मारायला हवेत झेपावलेला, कॅमेरा दुसऱ्या मजल्याच्या लाकडी गॅलरीतून खाली बघतोय. पिवळं लिहिलं कारण माझ्या डोळ्यांसमोर तिवंधा चौकातली पिवळ्या रंगाची रहाड होती. वर्षभर मातीखाली बुजवलेला हौद एका दिवसासाठी उघडतो, हे ज्याने गर्दीत उभं राहून पाहिलंय त्याला हा प्रॉम्प्ट सुचायला वेळ लागत नाही.

म्हणून मला प्रॉम्प्टच्या विकतच्या पीडीएफपेक्षा गोदाघाटावर वही घेऊन बसणारी चित्रकलेची पोरं जास्त भरवशाची वाटतात. शिवाजी तुपे यांच्यासारख्या चित्रकारांनी इथला निसर्ग जागेवर बसून रंगवला, त्या शहरातले आपण. आणि हो, हयात चित्रकाराचं नाव टाकून 'यांच्या शैलीत' मागणं मला मान्य नाही. त्याने आयुष्य घालून कमावलेला हात आपण न विचारता उचलायचा, याला माझा साफ विरोध आहे.

या तंत्राचा खरा उपयोग मला दिसला तो पंचवटीतल्या एका आजोबांमुळे. त्यांचा वाडा केव्हाच पडला, आतला एकही फोटो नाही. ते सांगत गेले, मी लिहीत गेले. सागवानी खांब आले, चौक आला, तुळशीवृंदावन आलं. झोपाळा मी ओसरीवर टाकला होता. "नाही हो, झोपाळा माजघरात. ओसरीवर वडील हिशेब लिहायचे, तिथे आम्हाला फिरकायची सोय नव्हती." झोपाळा आत गेला, ओसरीवर उतरतं मेज आणि चोपड्या आल्या. आजोबा बराच वेळ त्या मेजाकडेच बघत होते. खाली मी 'आठवणींवरून केलेलं कल्पनाचित्र' असं ठळक छापलं. ते छापायलाच हवं, नातवंडांनी उद्या तो फोटो समजू नये.

याच कारणाने सिंहस्थाच्या बाबतीत माझा आग्रह टोकाचा आहे. २०२७ चा कुंभ जवळ येतोय आणि नाशिकच्या नावाखाली काशीचे घाट दिसायला लागलेत: उंचच उंच पायऱ्या, रुंद पात्र, होड्यांची रांग. आपलं पात्र अरुंद, पायऱ्या बुटक्या, पात्रातच बांधलेली कुंडं, मागे नारोशंकराचं देऊळ आणि पुराचं पाणी कुठवर चढलं ते ज्याच्या अंगावरून सांगतात तो शेंदरी दुतोंड्या मारुती. त्याचा प्रॉम्प्ट 'दोन तोंडांचा मारुती' एवढाच दिला तर एका मानेवर शेजारी-शेजारी दोन डोकी येतात, खरी मूर्ती तशी नाही. जे घाट आजही जागेवर उभे आहेत, त्यांच्यासाठी प्रॉम्प्ट कशाला? बॅनर करणाऱ्या सगळ्या मंडळींना हात जोडून विनंती आहे, रामकुंडाचा फोटो हवा असेल तर आपल्याच शहरातल्या एखाद्या फोटोग्राफरला पैसे देऊन काढून घ्या.